टेपची मागची बाजू

माझ्या टेपला दोन बाजू आहेत,
पण तांडापेठेत सेंटिमीटर कोण मागतं?
छाती छत्तीस, बाही साडेनऊ,
चौदा वर्षं सगळं इंचातच.

आशाताईनं मागची बाजू वर केली,
ओटीपोटाच्या हाडापासून टेप ताणली
आणि आकडा दोनदा वाचला.
"बत्तीसावा आठवडा लागला न वं, प्रणिता?
अठ्ठावीसच भरून राह्यलं. सोनोग्राफी कर. उद्याच."

सासूबाई म्हणाल्या, आपल्यात पोटं लहानच राह्यते,
बाळंतपण सोपं जाते.

कूलरला खसाचा वास, भिंतीवर पाटी:
इथे मुलगा की मुलगी सांगितलं जात नाही.
मला ते विचारायचंच नव्हतं.

शेहेचाळीस डिग्रीत पोटावर गार जेल,
आणि नंदेश्वर मॅडम माप घ्यायला लागल्या.
माप घेणारा हात मी ओळखते.
तो गिऱ्हाइकाशी बोलत नाही,
या टोकापासून त्या टोकापर्यंत ठिपके ओढत जातो.
डोकं बरोबर. मांडीचं हाड जरा आखूड.
पोटाचा घेर...
इथं त्यांनी परत माप घेतलं. मग आणखी एकदा.
कापड कमी पडलं की मीही असंच करते.

मग नाळेतल्या रक्ताचा आवाज.
बाबांच्या मागावर धोटा जायचा तसा,
फक्त दोन ठोक्यांच्या मधे
धागा फार बारीक.

"वार पुरेसं पोचवत नाही," त्या म्हणाल्या,
"म्हणून बाळ आधी डोक्याला देतंय,
उरलं तर पोटाला."
अजून नाव नाही,
आणि पोट्ट्याला महिनाअखेर कळते!

माझं काही चुकलं का? पायमशीन? ऊन?
नाही, म्हणाल्या.
मी कपडे सावरून दारापर्यंत गेले तेव्हा
पुन्हा म्हणाल्या, नाही.

आता दर सोमवार-गुरुवार मेडिकल चौक.
कागदावर वाढीची रेघ वर चढते,
आमचा ठिपका तिच्याखाली, सुटलेल्या टाक्यासारखा.
तो तिथंच राहिला तर वेळेआधी काढू;
कधी कधी आतपेक्षा बाहेर बरं असतं, म्हणे.

काल रात्री लाईट गेली.
टॉर्चच्या उजेडात हातानंच एक झबलं बेतलं,
रिपोर्टातल्या मापाचं, बाहुलीला होईल एवढं.
गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजात मी बोटभर माया सोडते.
यात दोन्ही बाजूंना
चार-चार बोटं.

एवढी? नवऱ्यानं विचारलं.

उसवता येते, म्हटलं,
आणि दातानं दोरा तोडला.