जिंकतंय कोण?

उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगच्या दुकानावर
जी खोली शनिवारी रात्री जागी असते
तिथं जुगार चालतो,
असं कुणीतरी चौकीवर जाऊन सांगितलं.
हवालदार खवरे जिना चढून आले तेव्हा
मी दरोडेखोराचा आवाज काढत होते
आणि रुबीना म्हणत होती,
"मारू नका त्याला, आधी जखम बघू दे."

टेबलावर कॅलेंडरच्या पाठीवर काढलेला नकाशा,
शेंगदाणे, खोडरबराचा चुरा,
आणि वीस बाजूंचा एक फासा.
आदगोंडानं तो उरलेल्या पितळेचा ओतला,
रात्रपाळीत कानशीनं घासला,
तरी एका अंगानं जड राहिला.
चौदा जरा जास्तच पडतात.
आम्ही त्याला नशीब म्हणत नाही,
कास्टिंगमधला दोष म्हणतो.

"डाव कितीचा हाय?"
"पैसे नसतात, साहेब."
"मग जिंकतंय कोण?"
"कुणीच नाही."
"हरतंय?"
"तसंही नाही."
त्यांनी टोपी काढून काखेत धरली.
हे कुठल्या कलमात बसवायचं
ते त्यांना सुचेना.

मालनकाकूंचं वेगळं.
त्यांना भिंतीपलीकडून ऐकू गेलं होतं:
बळी, मंत्र, सातवा दरवाजा.
पुढच्या शनिवारी उंबऱ्यावर लिंबू,
त्यात टाचण्या.
टाचण्या काढून आम्ही ते नकाशावरच्या डोंगरात ठेवलं.
तीन महिने ते ड्रॅगनचं अंडं होतं.
वाळून काळं पडलं
तेव्हा उबलं असं ठरलं.
पिल्लाचं नाव मालन.
काकूंना अजून सांगितलेलं नाही.

आई म्हणते, तिशी उलटली, भातुकली सुटेना.
बघायला आलेल्या मुलानं छंद विचारला, मी खरं सांगितलं,
तर म्हणाला, "म्हणजे एकलकोंड्या आहात थोड्या."
सहा वर्षं, दर शनिवारी,
चार माणसं एकमेकांचं वाक्य संपायची वाट बघतात.
त्याच्या घरी जेवताना टीव्ही चालू असतो,
हे त्यानंच सांगितलं होतं.

आमच्या बाजूनं बोलणारेही चुकतात.
दौलतची बहीण कौतुकानं सांगत फिरते,
"खेळात तो अजिबात अडखळत नाही."
अडखळतो.
त्याच्या मांत्रिकाचा मंत्र 'प'वर थांबतो,
प... प... प...
समोर शत्रू तलवार उगारून उभा,
आणि मी त्याला उभाच ठेवते.
नियमांच्या पुस्तकात असं काही नाही.

खऱ्यापासून पळता, म्हणतात.
रुबीना सीपीआरमधली ड्यूटी संपवून येते,
बुटाला वॉर्डाचा वास असतो.
सगळ्यात कमी माणसं तिनं मारलीत,
राक्षससुद्धा दोनच, तेही नाइलाजानं.
आणि ज्या वर्षी आदगोंडाचं लेथ मशीन
चार दिवस पाण्याखाली होतं
त्या वर्षी नकाशावरच्या नदीकडं
कुणी बोटसुद्धा नेलं नाही.
पुढच्या पावसाळ्यात तो आपणहून म्हणाला,
"पाणी चढव."
मी चढवलं.
वेशीपर्यंत, मग देवळाच्या तिसऱ्या पायरीपर्यंत.
त्यानं नाव काढली,
म्हशींची दावी कापली,
एकेक म्हैस नावानिशी मोजली.
फासा टाकला नाही.
मीही मागितला नाही.

परवा बिंदू चौकात
खवऱ्यांनी माझी गाडी बाजूला घेतली.
लायसन बघितलं, परत दिलं.
मग इकडंतिकडं बघून,
"त्या दरोडेखोराचं काय झालं वो?"
"पाय कापावा लागला," मी म्हटलं,
"चौदा पडले होते, तरी."
ते गप्प झाले.
मागं रिक्षावाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला.
"आन आता," ते म्हणाले,
"घोड्यावर कसा बसायचा त्यो?"