रकाना चौदा

मार्चभर माझं काम एवढंच.
दुपारी दोन ते सहा, ताळगावच्या पठारावर,
पंखा डावीकडे वळला की कागद धरायचे,
फोन लावायचा, नाव, वर्ष, विषय विचारायचा
आणि मग आवाज थोडा उतरवून
रकाना चौदा :
सध्याचं मासिक उत्पन्न.

आकडा सांगण्याआधी लोक खोकतात.
वेर्ण्याच्या औषध कारखान्यातला केमिस्ट खोकला,
म्हापशाच्या बँकेतली खोकली,
"हातात येतो तो, की कागदावरचा?" असं विचारणारा
दोनदा.

स्वीझल कुलासो, बी.कॉम., स्विंडनहून बोलते.
मागे पट्ट्यावरून खोकी सरकताहेत.
पौंडांत सांगू की रुपयांत?
रुपयांत सांग, बाय. आणि तिचा आकडा
सगळ्या वर्गाला एका दमात खांद्यावर घेतो.
"नायट शिफ्टीचो आसा हो पगार," ती म्हणते,
"तेंय बरय."
कुठे लिहू, ते ती सांगत नाही.

मांद्र्याला गौतमीचा फोन भाऊ उचलतो.
ताई शाळेत आहे. लेक्चर बेसिसवर.
एम.ए., पहिला वर्ग, तासाला किती ते तिलाच विचारा.
माझं लिहा हवं तर, तिच्या तिप्पट आहे,
मांडवीतल्या बोटीवर रात्री पत्ते वाटतो.
तुमचं नाव यादीत नाही, मी म्हणते.
असेल कसं? थर्ड इयरला सोडलं, एक पेपर राहिला.
मग तो दुसऱ्या तक्त्यातला :
शेकडा किती जण शेवटपर्यंत पोचले.
तिथे तो एक वजाबाकी आहे
आणि तिथे रकाना चौदा नाही.

मनीता वेळीप. काणकोणच्या आत, रेंज येते-जाते.
वाड्यावरची पहिली पदवीधर.
"शून्य बरय," ती म्हणते, न खोकता.
"बोंडां पुंजायतां, आवयक पळयतां,
पूण ताका कोण पगार म्हणना."
आणि मग तीच मला विचारते,
त्या कँटीनसमोरचं आवळ्याचं झाड आहे का अजून?
मी खिडकीतून बघते. आहे.

कुवेलकर सर चष्मा कपाळावर चढवतात.
शून्य घालू नकोस. रिकामं सोड.
रिकाम्याला यंत्र मोजत नाही,
शून्याला मोजतं, आणि मग सगळेच खाली येतात.
ते वाईट नाहीत. त्यांची मुलगी बारावीला आहे,
ती हाच तक्ता बघून कुठे जायचं ते ठरवणार.

सहाच्या कदंबात उभ्याने मी सगळ्यांना
पठाराच्या जांभ्यावर ओळीने उभं केलं,
कमी मिळवणारे झुआरीकडे, जास्त मिळवणारे बांबोळीकडे.
मनीता टोकाला, पायात चपला नाहीत,
दुसऱ्या टोकाला स्वीझल, डोळे लाल.
बरोबर मधला माणूस, तोच म्हणे खरा आकडा.
पण मोजणी सम निघाली.
मध्ये कुणीच नव्हतं,
दोघांमधली हातभर जागा, तिच्यात सुकं गवत.

दुसऱ्या दिवशी मी कागदावर शून्य लिहिलं
आणि संगणकात रिकामं सोडलं.
कागद कपाटात जातात. कपाटाची चावी लूर्दिनाकडे.
धाडस म्हणावं इतकं हे मोठं नाही,
आणि खोटं म्हणावं, तर कुठलं खोटं?

शेवटच्या पानावर, दोनशे सदतिसावं नाव,
एम.एस्सी., संख्याशास्त्र, कंत्राटी, अकरा महिने.
नंबर ओळखीचा.
मी ऑफिसच्या फोनवरून लावला.
माझ्याच पर्समध्ये काहीतरी थरथरलं,
डब्याला लागून, बराच वेळ.
उखल गो, लूर्दिना म्हणाली, मान वर न करता,
कोणाचें काय अर्जंट आसतलें.
मी उचलला.
आणि खोकले.