ताऱ्याची विहीर

शुक्रवार असला तरी प्लँट चालूच असतो,
समुद्रातलं मीठ काढणं थांबत नाही;
माझी पाळी तेवढी नव्हती.
खल्फान म्हणाला, चल, तारा पडला ती जागा बघू.

सूर सोडलं. उजव्या हाताला समुद्र,
डाव्या हाताला डोंगर, अंगावर काडी नसलेले.
मागच्या सीटवर त्याची धाकटी, जुवैना,
चिप्सचा पुडा फोडून गप्प.
दिबाबजवळ एक फाटक, चार झाडं,
आणि बोलता बोलता जमिनीनं आ वासला.

मला जमिनीची तोंडं नवीन नाहीत.
मी लोणारचा.
घरामागून दहा मिनिटांत काठ लागायचा.
शाळा बुडवली की उतरायचो खाली,
थेट कमळजेच्या देवळापर्यंत,
आणि चपलांना लागलेला तो कुबट, साबणी वास
उंबऱ्यातच आईला सगळं सांगून टाकायचा.

इथे वास नाही.
सिमेंटच्या पायऱ्या, खाली मोरपंखी पाणी,
इतकं नितळ, की उडी मारणाऱ्या पोरांच्या सावल्या
पोरांआधी तळाला टेकतात.
पाय सोडून बसलो, तर बोटभर मासे
टाचेच्या भेगांना लागले
थकबाकी वसूल करायला आल्यासारखे.

खल्फानला त्याच्या आजीनं सांगितलेलं:
एका रात्री आभाळातून तारा सुटला, इथे रुतला.
आणि आमचा इंजिनियर म्हणतो, तारा नाही की बिरा नाही,
आतला चुनखडक विरघळत गेला,
एक दिवस छत बसलं.

मला हसू आलं.
म्हटलं, आमच्याकडे उलटं आहे, बाबा.
आमच्याकडे खरंच वरून दगड आला,
त्याच्या धडकेनं काळ्या खडकाची काच झाली,
आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्या काय सांगतो?
लवणासुर नावाचा राक्षस होता,
देवानं पायाच्या अंगठ्यानं त्याच्या बिळाचं झाकण उडवलं,
हे खारं पाणी म्हणजे त्याचं रक्त.

खल्फान बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला.
मग म्हणाला, म्हणजे तारा पडला तुमच्याकडे
आणि गोष्ट तेवढी आमच्याकडे उतरली.

"आणि राक्षस?"
जुवैनानं विचारलं, खारट बोटं चाटत.
आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.
वरून कुणीतरी उडी मारली,
आम्ही तिघे भिजलो.

रात्री आईला फोन केला.
तिनं दोनच गोष्टी विचारल्या:
खोल किती, आणि प्यायचं आहे का.
नाही गं, मचूळ. गोडं आणि समुद्राचं
एकमेकांत शिरलेलं.
"मचूळ," ती म्हणाली,
लांबच्या नातलगाचं नाव ऐकावं तशी.

दुसऱ्या दिवशी पाळीवर
बाटलीतलं पाणी मीटरला लावलं. सवय.
आकडा आला, तो वहीत उतरवला.
'नमुना कुठला' या रकान्यापाशी पेन अडलं.
बाहेर पंप घरघरत होते.
लिहिलं: खासगी.