सूतभर डावीकडे

दिवसभर मी गंज मोजतो. पगार त्याचाच.
सित्राला, पायपाला यंत्र टेकवायचं, आकडा वाचायचा,
आठाचे सहा राहिले, सहाचे साडेचार,
वहीत लिहायचं, खाली सही.
बरा असा एकही पाइप मी आजवर केलेला नाही.

म्हणून असेल.
मुहर्रकला आमच्या इमारतीमागं
कचऱ्याच्या पेटीला टेकून ती चार महिने उभी होती,
आणि जाता-येता मी तिची जाडी
मनातल्या मनात मोजायचो.
नगरपालिकेनं पिवळी चिठ्ठी डकवली त्या रात्री
खांद्यावर घालून गच्चीवर आणली.
सुलक्षणा म्हणाली,
समुद्रानं चघळून टाकलेलं हाड आणलंत घरात.

काम रात्री दहानंतर.
ऑगस्टात त्याआधी पाना हातात धरवत नाही.
साखळी इडलीच्या फुटक्या कुकरात, व्हिनेगर घालून.
रिमा घासायला चपात्यांची चांदी, चुरगळून, ओली करून.
आणि धुवायला एसीचं ठिबकलेलं पाणी,
नळाचं खारट आहे
आणि मीठ काय करतं ते मला विचारा.
सगळ्या मजल्यांच्या एसींखाली डबे लावले.
वॉचमन समजला, पूजेचं काहीतरी आहे.

सीटची दांडी हलेना. अडीच आठवडे.
तेल, उकळतं पाणी, बर्फ,
शिव्या, त्याही इचलकरंजीच्या.
मग एका रात्री नुसता हात ठेवला तर फिरली,
रुसलेलं माणूस आपणहून
"जेवलास का" म्हणतं तशी.

खरवडताना वर काळा, त्याखाली ब्रशनं फासलेला हिरवा,
त्याखाली कारखान्याचा निळा, अजून कोवळा.
आडव्या नळीवर वीतभर जागी मात्र तिन्ही नव्हते,
लोखंडच, गुळगुळीत,
दोरीनं घासून घासून झालेलं.
तेवढ्या जागी गंज नव्हता.
रोज हात लागतो तिथं तो बसत नाही,
हे मला वहीत कधी लिहायला मिळालं नाही.

रंग शर्वाणीनं निवडला.
डब्यावर त्याचं नाव काहीतरी भलतंच होतं, आमच्यात वांगी.
सीटची खोळ माझ्या जुन्या कव्हरॉलची,
चमकती पट्टी मागं येईल अशी शिवली,
सुई मोडली तीनदा.
मोडक्या एसीच्या ब्रॅकेटचं कॅरियर.
घंटी नवी, आवाज पोरकट.

आणि पुढचा फाटा वाकडा होता,
सूतभर, डावीकडे.
त्याला दोन शुक्रवार लागले.
दोरा ताणून, एक डोळा मिटून,
शेवटी नळीत नळी घालून मी तिच्यावर बसलोच.
कट्.
दोरा मधोमध.

पहिली फेरी हमझाकाच्या कोल्ड स्टोअरपर्यंत, कांदे आणायला.
तो बाहेर आला. रंग पाहिला नाही, खोळ पाहिली नाही.
खाली वाकून त्यानं फाट्याची वेल्डिंग बोटानं चाचपली.
"मोतालिबची," म्हणाला, हिंदीत.
"खुबूज टाकायचा घरोघरी. सात वर्षं.
डावीकडं ओढायची ही.
तो असा बसायचा, उजव्या बाजूला झुकून.
चालायलासुद्धा तसाच लागला होता शेवटी.
अजून ओढते?"

मी म्हणालो, नाही. सरळ केली.

"छान केलंत," म्हणाला.
कांदे तोलले. एक जास्तीचा टाकला.
तो कुठं आहे, हे मी विचारलं नाही,
त्यानं सांगितलं नाही,
फ्रीजचं दार तेवढं दोनदा उघडून मिटलं.

परत येताना मशिदीपाशी उतार लागतो.
तिथं वारा समुद्राकडून येतो, त्याला चव असते.
मी दोन्ही हात सोडून दिले.
सायकल सरळ गेली,
नाकासमोर, काहीच आठवत नसल्यासारखी,
आणि मी, कुणास ठाऊक का,
उजवीकडे झुकलेला.