दाण्यांचं रबर

भाच्याने चिठ्ठीवर सगळं लिहून दिलं होतं:
लाकडात कार्बन, स्पंज दोन पूर्णांक एक,
दोन्ही बाजूंना सारखंच, बंदुकीसारखं सुटणारं.
यासीन शिकलगारांनी चिठ्ठी वाचली,
होती तशी घडी घालून परत दिली
आणि विचारलं, "तुम्ही कशा खेळता?"

नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या गल्लीत
क्लचप्लेटच्या दुकानावर यांचं दुकान.
आजोबा सुऱ्यांना धार लावायचे.
ते चाक अजून कोपऱ्यात आहे,
त्यावर आता चेंडूंचे खोके.

मी उत्तर दिलं, ते नव्वद सालचं होतं:
टेबलाला चिकटून, फोरहँड,
तिसऱ्या चेंडूला खलास.
"मारून दाखवा."
हवेत एक मारला.
खांदा कानाच्या बराच खाली अडला.
त्यांनी काउंटरची काच पुसायला घेतली.

मग काचेवर रबरं आली.
एक ढोकळ्यासारखं, दाबलं की हळूच वर येणारं.
एकाला चेंडू लावून बॅट उलटी केली
तर क्षणभर पडायचं विसरला.
आणि शेवटी ते. काळं, लांब दाण्यांचं,
स्पंज जवळपास नाहीच.

मी हात मागे घेतला.

हेमलता डोळस. खडकीहून सायकलवर यायची.
आंतरमहाविद्यालयीन फायनलला
ती बॅकहँडला नुसती बॅट धरून उभी राहिली
आणि मी जितकी फिरकी टाकली तितकी सगळी
माझ्याच नेटमध्ये आणून ओतली. एकवीस नऊ.
"हा खेळ नाही, ही लबाडी आहे,"
पंचांसमोर, सगळ्या हॉलसमोर बोलले मी.
ती टॉवेलची घडी घालत होती.
"मग फिरकी कमी टाकायची," म्हणाली.

"खांदा जपतं हे," शिकलगार म्हणाले,
"एका बाजूला हे लावा. लाल बाजू तुमची राहू दे."
मी बराच वेळ काही बोलले नाही.
खाली कुणीतरी सायलेन्सर ठोकून बघत होतं.
"लावा."

साधं पाच पदरी लाकूड.
त्यावर ग्लू ओतला, दुधासारखा, वासच नाही.
आम्ही सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन फासायचो,
आई खिडक्या उघडत फिरायची,
आणि बॅट अशी खणखणायची की
शेजारचे विचारायचे काय फुटलं.
"पांढरं दिसतंय तोवर हात लावायचा नाही,
दिसेनासं झालं की चिकटतं."
तेवढ्यात चहा आला. दिसेनासं होईपर्यंत
आम्ही दोघं त्या लाकडाकडे बघत बसलो.

रबर टेकवलं मुठीकडून, आणि वर लाटणं फिरवलं,
खरंखुरं, पोळ्यांचं.
"मध्ये थांबलं की फुगा राहतो."
मग ब्लेड. एकाच श्वासात, कडेकडेने,
हात आजोबांचा असावा.
काळी चंद्रकोर काचेवर गळून पडली.
ती मी पर्समध्ये टाकली, कशाला कोण जाणे.

वहीत गिऱ्हाइकांची नावं होती,
कुणाला काय लावलं, कधी लावलं.
"हेमलता डोळस येतात का तुमच्याकडे?
लग्नानंतर आडनाव बदललं असेल."
त्यांनी सात-आठ पानं मागे जाऊन बघितलं.
"नाही. ओळखीचं नाही नाव."

संध्याकाळी धनकवडीला, सोसायटीच्या पार्किंगमध्ये
दोन स्कूटर सरकवून टेबल उघडलं.
भाच्याने बॅट हातात घेतली, दाण्यांवरून अंगठा फिरवला,
"मावशी, हे काय आणलंस?"
आणि सर्व्हिस केली, अंग वाकवून, भरपूर फिरकीची.

पहिला चेंडू कुलकर्ण्यांच्या ॲक्टिव्हाखाली गेला.
दुसरा मीच छताला मारला, जुन्या सवयीने.
तिसऱ्याला मी नुसती बॅट धरून
उभी राहिले.