चौदा प्रश्न

इंगवलेबाई मागच्या बाकावर बसून
माझा अपूर्णांकांचा तास बघत होत्या.
खिडकीतून उद्यमनगरातलं लेथ करकरत होतं,
मी त्याच्या वर आवाज चढवून शिकवत होते.

टाचणवही चोख. तक्ता रंगीत.
घंटेला त्यांनी चिठ्ठी दिली, घडी घालून:
‘चौदा प्रश्न विचारलेस.
तेराची उत्तरं तूच दिलीस.’

त्या दिवशी रंकाळ्यापर्यंत चालत गेले,
के.एम.टी.चा पास पर्समध्ये असून.
चौदावा कुठला, आठवेना.

आता प्रश्न विचारते
आणि खडू मुठीत धरून गप्प राहते.
मनात सात मोजते.
पाचाला जीभ शिवशिवते,
सहाला कुणीतरी पेन्सिल पाडतं.

काल सात होऊन गेले. अकरा झाले.
मग अल्फिया मुजावर,
जी हजेरीलाही नीट ओ देत नाही,
म्हणाली, ‘बाई, पाव म्हंजे
अब्बांच्या पान्यावर असतंय न्हवं,
वर एक, खाली चार?’

फळ्याकडे वळले
तिचं वाक्य लिहायला, ‘न्हवं’सकट.
लेथ चालूच होतं. मला उशिरा ऐकू आलं.

चिठ्ठी हजेरीपटात आहे.
मानधन अजून शिक्षणसेवकाचंच.