सुकटीबरोबर चेंदणीत

मी थांबते
दारावरच्या लाकडी मोरासाठी,
सुकट थांबते विजेच्या खांबासाठी.
पट्ट्याला हिसका बसतो,
मोर हलतो.
आजवरच्या सतरा फोटोंत
तो उडायच्या बेतात आहे.

"आमचं काय काढतेस गं? इथलीच ना तू?"
हिरूबाय नाखवा, तोंडात ब्रश.

इथलीच.
म्हणून तर हा ओटा
चाळीस वर्षं पाहिलाच नव्हता.

बंदराकडच्या वळणावर
निळे पत्रे ठोकलेत, आत टॉवर यायचाय.
काढण्यासारखं काही नाही.
पण सुकट बसकण मारते,
नाक पत्र्याच्या फटीत,
शेपूट हळूहळू हलतंय.

इथे कुणीतरी बोंबलांची मुंडकी टाकायचं तिला,
हे मला आत्ता आठवतं.

कॅमेऱ्याला झाकण लावते.
उभी राहते,
तिचं होईपर्यंत.